यकृताला अंजिराचं नाव

१८७७च्या सप्टेंबरात उत्तर इटलीतल्या पियाचेन्झा शहराजवळ, गोसोलेंगोच्या शिवारात नांगरणी चालू असताना मातीतून ब्राँझची एक वस्तू वर आली. लांबी १२६ मिलिमीटर, रुंदी ७६, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. एक बाजू जवळजवळ सपाट, तिच्यावर तीन उंचवटे, आणि सगळा पृष्ठभाग रेघांनी खणाखणांत वाटलेला. खणांत एत्रुस्कन लिपीत देवांची नावं कोरलेली होती. ही वस्तू म्हणजे मेंढीच्या यकृताची प्रतिकृती आहे, आणि ती सुमारे २१०० वर्षांपूर्वीची आहे.

एत्रुस्कन आणि त्यांच्याकडून रोमन लोक बळी दिलेल्या जनावराचं यकृत पाहून देवांची मर्जी ओळखत. आकाशाचे सोळा भाग आणि यकृताच्या कडेचे सोळा भाग एकमेकांशी जुळतात, अशी त्यांची समजूत. कुठल्या भागावर डाग पडलाय, कुठला उंचवटा खुरटलाय यावरून कोणता देव नाराज आहे ते ठरायचं. ही विद्या जाणणाऱ्या पुरोहिताला रोममध्ये ‘हारुस्पेक्स’ म्हणत. पियाचेन्झाची प्रतिकृती बहुधा अशाच पुरोहिताच्या उपयोगाची होती.

आज ती पियाचेन्झाच्या पालाझ्झो फार्नेसेमधल्या संग्रहालयात आहे आणि इटालियन लोक तिला ‘फेगातो दी पियाचेन्झा’ म्हणतात. ‘फेगातो’ म्हणजे यकृत. हे नाव रोमन हारुस्पेक्सच्या कानावर पडलं असतं तर तो चक्रावला असता. त्याच्या लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. इटालियन ‘फेगातो’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्या ‘फिकातुम’चा मूळ अर्थ ‘अंजीर चारलेलं’. देवांची इच्छा ज्या अवयवावर लिहिलेली असते असं मानलं जायचं, त्याला रोमच्या वारसांनी एका खाद्यपदार्थाचं नाव दिलं. हे कसं घडलं, त्याची ही कथा.

जुना शब्द

आधी ‘येकुर’ची ओळख करून घेऊ, कारण मराठी वाचकाला तो परका नाही. लॅटिन ‘येकुर’, ग्रीक ‘हेपार’ आणि संस्कृत ‘यकृत्’ हे तिन्ही एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. हे नातं केवळ आवाजाच्या साम्यावर उभं नाही, त्याचा भक्कम पुरावा व्याकरणात आहे. संस्कृतमध्ये ‘यकृत्’ची षष्ठी ‘यक्नः’ होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या, शरीराच्या एकेका भागातून रोग हुसकावणाऱ्या सूक्तात हेच रूप येतं. लॅटिनमध्ये ‘येकुर’ची षष्ठी ‘येकिनोरिस’. म्हणजे मूळ रूपात ‘र’चा ध्वनी आणि विभक्ती लागताच मध्ये ‘न’. असला विचित्र नियम हजारो मैलांवरच्या दोन भाषांना स्वतंत्रपणे सुचणं शक्य नाही. तो दोघींनाही एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला.

पण जो नियम अभ्यासकाला मोलाचा वाटतो, तोच बोलणाऱ्याच्या जिभेला जड होतो. ‘येकुर’ची रूपं चालवताना खुद्द रोमन लोक अडखळत. लॅटिन ग्रंथांत षष्ठीची ‘येकोरिस’, ‘येकिनोरिस’, ‘योकिनोरिस’ अशी निरनिराळी रूपं सापडतात. शिकलेल्यांचीच ही गत, तर रोमच्या बाजारात भाजी विकणाऱ्याचं काय होत असेल?

अंजीर कुठून आलं

पाणपक्ष्यांना भरपूर चारून त्यांचं यकृत मोठं करण्याची युक्ती भूमध्य समुद्राभोवती जुनी आहे. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या थडग्यांच्या भिंतींवर बदकांच्या-हंसांच्या चोचीत चाऱ्याचे गोळे कोंबणारी माणसं साडेचार हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहेत. ग्रीकांनी त्यासाठी अंजीर वापरलं. अंजीर म्हणजे ग्रीकमध्ये ‘सिकोन’, म्हणून अंजिरावर पोसलेल्या जनावराचं यकृत ‘हेपार सिकोतोन’. रोमन लोकांनी कृती उचलली आणि नावाचंही भाषांतर केलं. अंजिराला लॅटिनमध्ये ‘फिकुस’ म्हणतात, म्हणून ‘येकुर फिकातुम’.

अंजीरच का, याला शरीरशास्त्रात उत्तर आहे. सुक्या अंजिरात निम्म्याच्या आसपास साखरच असते. ती गरजेपेक्षा जास्त पोटात गेली की यकृत तिची चरबी बनवतं आणि ती आपल्याच पेशींत साठवत जातं. यकृत फुगतं, रंगाने फिकट होतं आणि मऊ पडतं. आज सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असं वाचून लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. रोमन खवय्या नेमकं तेच दामदुप्पट देऊन मागवत होता.

होरेस कवीने इसवी सनापूर्वी ३०च्या सुमारास एका बढाईखोर श्रीमंताच्या मेजवानीची टर उडवली, त्या पंगतीतही अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसाचं यकृत वाढलेलं आहे. थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘निसर्गेतिहास’ या ग्रंथात डुकरिणीच्या यकृतावर हाच प्रयोग करण्याचं श्रेय मार्कुस आपिकियुस याला दिलं आहे. पद्धत अशी: जनावराला सुक्या अंजिरांवर पोसायचं, ते पुरतं माजलं की मध मिसळलेली वाइन पाजायची आणि त्यातच ते एकाएकी मरायचं. हा आपिकियुस तिबेरियुस सम्राटाच्या काळातला नामांकित खादाड. सेनेकाने त्याची गोष्ट सांगितली आहे: दहा कोटी सेस्टर्स स्वयंपाकघरात उडवल्यावर हिशेब केला तेव्हा एक कोटी उरले होते, आणि एवढ्यावर जगणं म्हणजे उपासमार, असं वाटून त्याने विष घेतलं.

त्याच्या नावावर चालत आलेला पाककृतींचा संग्रह प्रत्यक्षात पुढच्या काही शतकांत जुळवला गेला. त्यात ‘फिकातुम’ या मथळ्याखाली एक कृती आहे. यकृताला बोरूने चिरा द्यायच्या, ते माशांच्या खारवलेल्या रसात मुरवायचं, मिरी, लोव्हेज नावाची पाल्याची वनस्पती आणि लॉरेलची दोन फळं घालायची, मग जनावराच्या पोटातल्या चरबीच्या पातळ जाळीत गुंडाळून लोखंडी जाळीवर भाजायचं. यातली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजांनी जात असे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मथळा. तिथे ‘येकुर’ नाही. नुसतं ‘अंजीर चारलेलं’ असं म्हटलं आहे, आणि काय चारलेलं ते वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

नाम गेलं, विशेषण राहिलं

ही भाषेतली अगदी नेहमीची चाल आहे. आपण दुकानात ‘पैठणी दाखवा’ म्हणतो. साडी हा शब्द उच्चारतही नाही. कोल्हापुरी चपलेतली चप्पल अशीच गळून पडते. दोन शब्द सतत बरोबर यायला लागले की बोलणारा त्यातला अंदाजाने कळणारा शब्द टाकून देतो आणि उरलेलं विशेषण नामाच्या जागी बसतं.

इटालियन भाषेत या चालीने आलेले शब्द जागोजाग भेटतात. दिवसाला तिथे ‘जोर्नो’ म्हणतात. तो लॅटिन ‘दिउर्नुम’पासून आला, म्हणजे ‘दिवसाचा’. दिवस या अर्थाचा मूळ शब्द होता ‘दिएस’. हिवाळ्याचा ‘इन्वेर्नो’ हा ‘हिबेर्नुम’पासून, म्हणजे ‘हिवाळी (काळ)’. पीच या फळाला ‘पेस्का’ म्हणतात, कारण रोमन लोक त्याला ‘इराणी सफरचंद’ म्हणत. सफरचंद गळलं आणि ‘पेर्सिकुम’, म्हणजे इराणी, एवढंच उरलं. रानडुकराचा ‘चिंग्याले’ तर ‘पोर्कुस सिंगुलारिस’ यातला फक्त ‘सिंगुलारिस’ आहे. कळपापासून दूर राहणाऱ्या नराला ‘एकटं डुक्कर’ म्हणत. त्यातलं डुक्कर गेलं आणि एकटेपण नाव होऊन बसलं.

‘फिकातुम’ची वाटचाल मात्र आणखी एक पायरी पुढे गेली. पैठणी म्हटलं की एका विशिष्ट साडीचाच बोध होतो. कुठल्याही साडीला कोणी पैठणी म्हणत नाही. ‘फिकातुम’चा अर्थ मात्र पसरत गेला. आधी अंजिरावर पोसलेलं महागडं यकृत, मग खाटकाकडे मिळणारं कुठलंही यकृत आणि शेवटी माणसाच्या बरगड्यांखाली असलेलं यकृतसुद्धा.

या प्रवासातले मुक्काम कागदोपत्री सापडतात. सन ३०१मध्ये डायोक्लेशियन सम्राटाने महागाई रोखण्यासाठी सगळ्या साम्राज्यात वस्तूंच्या कमाल किमती ठरवून दिल्या. त्या यादीत एक रोमन पाउंड गोमांसाला ८ दिनार, डुकराच्या मांसाला १२ आणि उत्तम ‘फिकातुम’ला १६ दिनार अशी मर्यादा आहे. सरकारी दरपत्रकात शब्द आला म्हणजे तो बाजारात चांगला रुळला होता. त्यानंतर सहाव्या शतकात अँथिमुस नावाच्या ग्रीक वैद्याने फ्रँक लोकांच्या थ्यूडेरिक राजासाठी आहारावर एक छोटं पुस्तक लिहिलं. डुकराचं ‘फिकातुम’ तळून खाणं निरोगी माणसालाही बरं नाही आणि आजाऱ्यालाही नाही, असं तो बजावतो. खायचंच झालं तर ते निखाऱ्यावर भाजा म्हणतो. त्याच्या लिहिण्यात अंजिराचा मागमूसही उरलेला नाही. ‘फिकातुम’चा अर्थ आता सरळ यकृत.

शेवटचा मुक्काम आठव्या शतकातला. उत्तर फ्रान्समधल्या धर्मगुरूंना बायबलचं लॅटिन नीट कळेनासं झालं होतं, म्हणून कोणीतरी अवघड शब्दांसमोर सोपे शब्द लिहून एक यादी केली. ती पुढे रायखेनाऊच्या मठात सापडली आणि त्याच नावाने ओळखली जाते. त्या यादीत ‘येकुर’चा अर्थ ‘फिकातुम’ असा दिलेला आहे. ज्याला विशेषण लागून सगळी सुरुवात झाली, त्या नामालाच आता त्या विशेषणाच्या आधाराने समजावून सांगावं लागत होतं.

उच्चारातली दोन कोडी

‘फिकातुम’चा ‘फेगातो’ होताना ध्वनींचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. शेवटच्या ‘उम’चा ‘ओ’ होणं हा इटालियन भाषेचा पक्का नियम. दोन स्वरांमधल्या ‘क’चा ‘ग’ होणं कधी घडतं, कधी घडत नाही: ‘लाकुस’ (तळं) याचा ‘लागो’ झाला, पण ‘आमिकुस’ (मित्र) याचा ‘आमिको’ राहिला. गंमत अशी की अंजीर या अर्थाच्या ‘फिकुस’चाही ‘फिको’च राहिला. म्हणून आज ‘फिको’ आणि ‘फेगातो’ हे शब्द शेजारी ठेवले तरी इटालियन माणसाला त्यांतलं नातं ऐकू येत नाही.

कोडं पुढे आहे. लॅटिनमध्ये ‘फिकातुम’चा आघात ‘का’वर होता. इटालियनमध्ये तो ‘फे’वर आहे, स्पॅनिश ‘इगादो’ आणि पोर्तुगीज ‘फिगादु’ यांतही पहिल्याच अक्षरावर. शिवाय लॅटिन ‘फि’ दीर्घ असल्याने तिचा ‘फे’ व्हायला नको होता. ‘फिको’मध्ये तो झालेला नाही. एवढी दोन अपवादात्मक वळणं एकाच शब्दाने घेतलेली पाहून गास्तों पारी या फ्रेंच भाषापंडिताने १९०१ मध्ये या एकाच शब्दावर सविस्तर प्रबंध लिहिला. बऱ्याच अभ्यासकांच्या मते इथे ग्रीक ‘सिकोतोन’चा हात आहे. रोममध्ये स्वयंपाकी आणि वैद्य मोठ्या संख्येने ग्रीक भाषिक असत. त्यांच्या तोंडी ग्रीक ‘सिकोतोन’ आणि लॅटिन ‘फिकातुम’ यांची खिचडी झाली आणि तिच्यातून आघात सरकलेली, स्वर बदललेली रूपं बाहेर पडली.

जुना आघात सगळीकडे हरवला मात्र नाही. व्हेनिसच्या बोलीत यकृताला ‘फिगा’ म्हणतात आणि आघात ‘गा’वर देतात. रुमानियन ‘फिकात’मध्येही तो मूळ जागीच आहे. डॅन्यूबपलीकडचा डाकिया प्रांत रोमने तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सोडून दिला. तिथल्या लॅटिनच्या या वारसाकडेही हाच शब्द आहे, ही तो फार लवकर आणि फार दूरवर पसरल्याची खूण. फ्रेंच ‘फ्वा’ आणि कॅटलान ‘फेजे’ही त्याचीच पोरं. खुद्द ग्रीकमध्येही तेच घडलं: आजच्या ग्रीक घरात यकृताला ‘सिकोती’ म्हणतात, म्हणजे पुन्हा अंजीरच.

‘येकुर’ का हरला

अवघड रूपं हे एक कारण झालं. पण अवघड शब्दही टिकतात. खरं कारण कळायला इटालियन शरीराची बाकीची नावं पाहावी लागतात. डोक्याला ‘तेस्ता’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘तेस्ता’ म्हणजे मातीचं भांडं किंवा खापर. तोंडाला ‘बोक्का’, मूळ ‘बुक्का’ म्हणजे गाल. पायाला ‘गाम्बा’, हा शब्द वेगेतियुसच्या पशुवैद्यकावरच्या ग्रंथात घोड्याच्या खुराजवळच्या सांध्यासाठी आला आहे. खांद्याला ‘स्पाल्ला’, मूळ ‘स्पातुला’ म्हणजे चपटं पातं.

‘मानुस’चा ‘मानो’, ‘कोर’चा ‘कुओरे’ असे हात आणि हृदय आपली जुनी नावं घेऊन आले, हेही खरं. पण ज्या अवयवाला कोणी रोज हाताळत होतं, कापत होतं, विकत होतं, त्याच्या नावावर त्या माणसांच्या भाषेचं वजन पडलं. यकृताशी रोज संबंध येणारे लोक तीन प्रकारचे होते: पुरोहित, वैद्य आणि खाटीक-स्वयंपाकी. ख्रिस्ती धर्म राजमान्य झाल्यावर हारुस्पेक्सचा धंदा बसला आणि ‘येकुर’ला मंत्राइतक्या निष्ठेने जपणारा एक वर्ग संपला. वैद्य ग्रीककडे झुकलेले होते. म्हणून आजही इटालियन डॉक्टर ‘एपातिते’ आणि ‘एपातिको’ म्हणतो, त्यात ‘हेपार’ आहे. उरला बाजार, आणि बाजाराचा शब्द ‘फिकातुम’. ‘येकुर’ औषधांच्या बाटल्यांपुरता जगला. कॉड माशाच्या यकृताच्या तेलावर औषधविक्रेते अलीकडेपर्यंत लॅटिनमध्ये ‘ओलेउम येकोरिस आसेल्ली’ असं लिहीत.

अर्थ विसरल्यानंतर

शब्दाचा मूळ अर्थ पुसला गेला की तो नव्याने सांगावा लागतो, याचं सुंदर उदाहरण फ्रेंचमध्ये आहे. ‘फ्वा ग्रा’ म्हणजे चरबीदार यकृत. पण ‘फ्वा’चा पणजोबा मुळात पोसून चरबीदार केलेल्या यकृताचंच नाव होता. ते विसरल्यामुळे फ्रेंचांनी त्याला ‘चरबीदार’ हे विशेषण पुन्हा जोडलं. इटालियन डॉक्टरही आजारी यकृताला ‘फेगातो ग्रास्सो’ म्हणतात, तेव्हा तीच पुनरुक्ती होते.

स्वयंपाकघराची स्मरणशक्ती मात्र शब्दापेक्षा चिवट निघाली. टस्कनीत ‘फेगातेल्ली’ नावाचा पदार्थ करतात: डुकराच्या यकृताचे तुकडे चरबीच्या जाळीत गुंडाळायचे, सोबत लॉरेलची पानं ठेवायची आणि भाजायचे. जाळी आणि लॉरेल ही दोन्ही आपिकियुसच्या नावावरच्या कृतीत होती.

यकृताकडे धैर्याचं घर म्हणूनही इटालियन माणूस पाहतो. ‘आवेरे फेगातो’, म्हणजे यकृत असणं, याचा अर्थ धाडस असणं. ‘रोदेर्सी इल फेगातो’, म्हणजे आपलंच यकृत कुरतडणं, हे आतल्या आत रागाने जळणं. मराठीत इथे ‘काळीज’ येतं: वाघाचं काळीज, काळीज करपणं. आणि या काळजाचं मूळही संस्कृत ‘कालेय’ या यकृताच्याच नावात मानलं जातं. त्याच्या मुळाशी ‘काळा’ रंग आहे. अमरकोशात यकृताला ‘कालखण्ड’ म्हटलं आहे, तेही काळा तुकडा म्हणूनच. म्हणजे आपल्याकडेही लोकांच्या तोंडून ‘यकृत्’ सुटला आणि त्याच्या जागी डोळ्यांना दिसणारा रंग आला; हिंदीत ‘कलेजा’, खाटकाच्या दुकानात ‘कलेजी’. मराठीतला ‘यकृत’ तोंडातोंडी झिजत आलेला नाही. तो संस्कृतमधून जसाच्या तसा उचलून पाठ्यपुस्तकात आणि वैद्यकात ठेवलेला आहे. इटालियन विद्वानांनीही लॅटिनमधून हजारो शब्द पुन्हा उचलले, पण ‘येकुर’च्या जागी ग्रीक शब्द आधीच बसलेला असल्याने त्याला परत बोलावण्याची गरज कोणाला पडली नाही.

इटालियन ही लॅटिनची मुलगी असं आपण सहज म्हणतो. त्या विधानात कुठलं लॅटिन, हा प्रश्न राहून जातो. सिसरोने शकुनविद्येची चिकित्सा करताना यकृताचा उल्लेख केला तो ‘येकुर’ म्हणूनच. त्याच्या शुद्ध, घडीव गद्यात ‘फेगातो’ची चाहूल लागत नाही. ती लागते पाककृतींच्या संग्रहात, सम्राटाच्या दरपत्रकात, पथ्य सांगणाऱ्या वैद्याच्या पुस्तकात आणि बायबल अडणाऱ्या भटजींसाठी केलेल्या यादीत. इटालियन शब्दाची वंशावळ काढायची तर अभिजात ग्रंथांपेक्षा असली कामचलाऊ लिखाणं आधी उघडावीत. भाषा ज्यांच्या तोंडी खरोखर वाढत होती, त्या माणसांचा आवाज त्यांत जास्त स्पष्ट उमटला आहे.